स्वस्त कॉलेज, महाग महिने

अमेरिकन सैन्यातून बाहेर पडलेला माणूस कॉलेजच्या व्हेटरन्स ऑफिसात पहिल्यांदा येतो तेव्हा हमखास विचारतो, "किती डॉलर मिळतील?" मीही तेच विचारलं होतं. चार वर्षं आर्मीत सप्लायचं काम करून घरी आलो, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं स्वस्त कॉलेज) नाव घातलं आणि पहिल्याच वर्षात दोन चुका करून बसलो. त्या पुढे सांगतोच. नंतर त्याच ऑफिसात टेबलाच्या पलीकडे बसून दोन वर्षं वर्क-स्टडी, म्हणजे शिकता शिकता पगारी काम केलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फॉर्म पाहिले. सैन्यातल्या सेवेबद्दल शिक्षणासाठी सरकारकडून जो लाभ मिळतो, ते जीआय बिल. त्याचे डॉलर सगळे मोजतात, तो किती महिने पुरेल ते मोजायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. हा लेख त्या महिन्यांबद्दल आहे.

न्यू जर्सी, टेक्सास, बे एरिया इथल्या मराठी घरांतून सैन्यात जाणारी मुलं मोजकीच. ग्रीनकार्डावर भरती होता येतं. २००९ पासून काही वर्षं मॅव्हनी नावाच्या योजनेत व्हिसावर असलेल्या डॉक्टर-नर्सना आणि ठरावीक भाषा येणाऱ्यांनाही घेत होते. शिक्षणाच्या या हक्काला नागरिकत्वाची अट नाही, सेवेची आहे. पण आपल्या घरात या वाटेने आधी कुणी गेलेलं नसतं, आणि "माजी सैनिक" म्हटलं की आई-बाबांच्या डोळ्यांसमोर बँकेच्या दारातले बंदूकवाले काका उभे राहतात. त्यामुळे विचारायचं कुणाला, हाच प्रश्न असतो.

आधी हिशेब

मूळचं जीआय बिल १९४४ चं, दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी रूझवेल्ट यांनी सही केलेलं. आज बहुतेक जण वापरतात ते पोस्ट-नाइन-इलेव्हन जीआय बिल, म्हणजे चॅप्टर ३३. ते १ ऑगस्ट २००९ पासून लागू आहे. त्यात तुम्हाला ३६ महिने मिळतात. वर्षाचे नऊ महिने कॉलेज धरलं तर बरोबर चार वर्षं.

यात तीन गोष्टी येतात. सरकारी कॉलेजची त्या राज्यातल्या रहिवाशाला लागणारी फी व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी खातं, थेट कॉलेजला देतं. पुस्तकांसाठी वर्षाला जास्तीत जास्त १,००० डॉलर तुमच्या खात्यात येतात. आणि घरभाडं, ज्याला सगळे एमएचए म्हणतात. ते कॉलेजच्या पिनकोडवर ठरतं: त्या भागात ई-५ हुद्द्याच्या, कुटुंब असलेल्या सैनिकाला जो घरभत्ता मिळतो, तोच दर. तुम्ही कुठे राहता याला महत्त्व नाही, वर्ग कुठे भरतात याला आहे. बे एरियातला दर टेक्सासमधल्या एखाद्या छोट्या गावाच्या दुपटीच्याही वर जातो. या पैशांवर आयकर नाही.

आता गंमत बघा. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात रहिवाशाला एका युनिटला (विषय मोजायचं माप, म्हणजेच क्रेडिट) ४६ डॉलर फी आहे. १२ युनिटांचं पूर्ण सेमिस्टर ५५२ डॉलरमध्ये होतं. तिथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची फी वर्षाला १४ हजार डॉलरच्या वर. पण तुमच्या खात्यातून जाणारे महिने दोन्हीकडे सारखेच: पूर्णवेळ एक सेमिस्टर म्हणजे साधारण चार महिने. ५५२ डॉलरसाठी चार महिने, आणि सात हजारांसाठीही चारच महिने.

मग कम्युनिटी कॉलेजात जीआय बिल वापरूच नये का? तसं नाही. भाड्याचे पैसे हा या लाभातला मोठा घास असतो आणि तो कॉलेज स्वस्त म्हणून कमी होत नाही. नोकरी नाही, पूर्णवेळ शिकायचंय, घर चालवायचंय, तर बिनधास्त वापरा. दोन वर्षं इथे आणि दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात, असे ३६ महिने नेमके पुरतात. पण तुम्ही दिवसा नोकरी करून संध्याकाळी एखादाच विषय घेणार असाल, तर त्या दीडशे-दोनशे डॉलरसाठी जीआय बिलाला हात लावू नका. पदरमोड करा, नाहीतर पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणारी, परत न करायची मदत घ्या. काही राज्यांच्या स्वतःच्या सवलतीही आहेत. टेक्सासचा हेझलवुड कायदा पात्र माजी सैनिकाला सरकारी कॉलेजांत १५० क्रेडिटपर्यंत फीमाफी देतो; इलिनॉयमध्ये इलिनॉय व्हेटरन ग्रँट आहे. केंद्राच्या लाभाशी त्यांचा मेळ कसा बसतो ते त्या राज्याच्या नियमांत वाचून घ्या, आणि मग ठरवा.

पहिली पायरी: कागद

डीडी-२१४ लागतो. सैन्यातून सुटताना मिळणारा हा कागद, त्याची मेंबर-४ ही प्रत, ज्यात सुटकेचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे "ऑनरेबल" हवं. "जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स" असं असेल तर व्हीएच्या दवाखान्याचे दरवाजे उघडतात, पण चॅप्टर ३३ चं दार बंद राहतं. तुमचा शिक्षणाचा लाभ त्याच सुटकेवर अवलंबून असेल तर सुटकेचा प्रकार बदलून घेण्यासाठी अर्ज करता येतो. कॉलेजच्या आधी त्या मागे लागा. डीडी-२१४ स्कॅन करून दोन-तीन ठिकाणी ठेवा.

दुसरा आकडा म्हणजे सेवेचे महिने. ११ सप्टेंबर २००१ पासूनची सक्रिय सेवा धरतात. ३६ महिने झाले असतील तर १०० टक्के लाभ, ३० महिन्यांना ९०, २४ ला ८०, १८ ला ७०, सहा महिन्यांना ६०, आणि ९० दिवसांना ५० टक्के. पर्पल हार्ट (युद्धात जखमी झाल्याबद्दलचं पदक) मिळालेल्याला पूर्ण १००. ही टक्केवारी फी, पुस्तकं, भाडं तिन्हींना लागते. ६० टक्केवाल्याला उरलेली ४० टक्के फी स्वतः भरायची असते, आणि कम्युनिटी कॉलेज खरं सोयीचं पडतं ते इथे: ५५२ चे ४० टक्के म्हणजे २२१ डॉलर.

१ जानेवारी २०१३ ला किंवा त्यानंतर सुटलेल्यांना हा लाभ वापरायला मुदत नाही. त्याआधी सुटलेल्यांना सुटल्यापासून १५ वर्षांची मुदत. २०१७ च्या कायद्याने हा फरक केला.

दुसरी पायरी: कोणता चॅप्टर?

इथे घाई नको. भरती झाल्यावर पहिल्या वर्षी पगारातून महिना १०० डॉलर कापून घेतले असतील, एकूण १,२००, तर तुमच्याकडे माँटगोमेरी जीआय बिल, म्हणजे चॅप्टर ३० सुद्धा आहे. त्यात फी वेगळी दिली जात नाही. दर महिन्याला एक ठोक रक्कम तुमच्या हातात येते, पूर्णवेळ विद्यार्थ्याला महिना दोन हजार डॉलरच्या वर, आणि फी तुम्ही भरायची. बहुतेकांसाठी चॅप्टर ३३ च चांगला. पण कॉलेज स्वस्त, गाव लहान आणि भाड्याचा दर कमी असेल, किंवा सगळे वर्ग ऑनलाइनच करायचे असतील, तर चॅप्टर ३० मध्ये हातात जास्त उरू शकतं. कागदावर दोन्ही रकमा मांडून बघा. एकाच सेवाकाळावर चॅप्टर ३३ निवडला की तो निर्णय फिरवता येत नाही.

दोन वेगवेगळ्या सेवाकाळांतून दोन्ही लाभ कमावले असतील, तर गोष्ट वेगळी. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रूडिसिल खटल्यात निकाल दिला की अशा माणसाला दोन्ही वापरता येतात, एकूण ४८ महिन्यांपर्यंत. एकदा बाहेर पडून पुन्हा भरती झालेल्यांनी हे नीट तपासावं, मध्ये बारा महिन्यांचा फरक आहे.

आणि सेवेमुळे अपंगत्वाचं रेटिंग मिळालं असेल तर चॅप्टर ३१ विचारा. तिथे समुपदेशकाबरोबर बसून नोकरीच्या दृष्टीने योजना ठरवावी लागते, वेळ जातो, पण पुस्तकं आणि साहित्य भरघोस मिळतं. मी हे उशिरा कळलेले बरेच जण पाहिले.

तिसरी पायरी: अर्ज

व्हीएच्या संकेतस्थळावर लॉगिन करून २२-१९९० हा फॉर्म भरायचा. बँक खात्याचा नंबर, सेवेच्या तारखा, कोणत्या कॉलेजात जाणार, एवढंच लागतं. अर्ध्या तासाचं काम. महिनाभरात सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी येतं. त्यात टक्केवारी आणि शिल्लक महिने-दिवस लिहिलेले असतात. हे पत्र म्हणजे तुमचं पासबुक समजा.

जोडीदाराला किंवा मुलांना हा लाभ द्यायचा असेल तर तो सेवेत असतानाच हस्तांतरित करावा लागतो: सहा वर्षं झालेली हवीत आणि पुढे चार वर्षांचं बंधन घ्यावं लागतं. बाहेर पडल्यावर हात चोळत बसावं लागतं.

चौथी पायरी: कॉलेज, आणि कॉलेजच्या पलीकडचं कॉलेज

आपल्याकडच्या ज्युनिअर कॉलेजशी कम्युनिटी कॉलेजची गल्लत करू नका. अकरावी-बारावी नव्हे, पदवीची पहिली दोन वर्षं इथे होतात. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की कुणीतरी काकू विचारतातच, "कम्युनिटी कॉलेज? का रे, मार्क कमी पडले?" हसून पुढच्या मोदकाकडे वळावं. ज्यांना शाळा सोडून सहा-आठ वर्षं झालीत आणि बीजगणित विसरलंय, त्यांच्यासाठी लहान वर्ग आणि संध्याकाळच्या बॅचेस हे वरदान आहे.

व्हीएच्या जीआय बिल कम्पॅरिझन टूलवर कॉलेजचं नाव टाका. मान्यता आहे का, भाड्याचा दर काय, तक्रारी आहेत का, ते दिसतं. नुसतं कॉलेज मान्य असून चालत नाही, तुमचा अभ्यासक्रमही मान्य हवा. दुसऱ्या राज्यातून आला असाल तरी सरकारी कॉलेजने तुम्हाला रहिवाशाचीच फी लावायची, असा कायदा आहे. फी-विभागाच्या पहिल्या बिलात परराज्याचा आकडा दिसला तर गप्प बसू नका.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न: इथून पुढे कुठे जाणार? ए.ए. आणि ए.एस. या दोन वर्षांच्या पदव्या पुढे विद्यापीठात न्यायच्या. ए.ए.एस. ही थेट नोकरीसाठी: वेल्डिंग, रेडिओलॉजी टेक्निशियन, वातानुकूलन. ए.ए.एस.चे बरेच क्रेडिट विद्यापीठं घेत नाहीत. कॅलिफोर्नियात असिस्ट नावाच्या संकेतस्थळावर कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात चालतो ते दिसतं. इतर राज्यांतही असे करार असतात. पहिलं सेमिस्टर सुरू होण्याआधी हे बघा. चार महिने खर्चून घेतलेला विषय विद्यापीठाने नाकारला, तर ते चार महिने कुणी परत देत नाही.

सैन्यातल्या प्रशिक्षणाचेही क्रेडिट मिळतात. आर्मी, नेव्ही, मरीन आणि कोस्ट गार्डवाल्यांनी जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट फुकट मागवायचं. एअर फोर्सचं स्वतःचंच कम्युनिटी कॉलेज आहे, १९७२ पासून, त्याचं ट्रान्सक्रिप्ट मागवा. हे द्यावंच लागतं, व्हीएचा तसा नियम आहे. फक्त भुलू नका: वीस क्रेडिट मिळाले म्हणून खूश झालेल्या एका पोराचे त्यातले सोळा "इलेक्टिव्ह" निघाले, त्याच्या नर्सिंगला काडीच्या उपयोगाचे नव्हते. काउन्सेलरला विचारायचं ते असं: "यातले माझ्या पदवीत किती मोजले?"

त्याच आठवड्यात फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या विद्यार्थी-मदतीचा फॉर्म भरा. जीआय बिलाचे पैसे त्यात उत्पन्न म्हणून धरत नाहीत, आणि माजी सैनिकाला स्वतंत्र विद्यार्थी मानतात, म्हणजे आई-बाबांचा पगार मध्ये येत नाही. २०२५-२६ मध्ये पेल ग्रँटची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे आणि ती जीआय बिलाच्या वर मिळते. आयटीतल्या पगाराच्या घरातली मुलं "आपल्याला कुठलं मिळतंय" म्हणून फॉर्मच भरत नाहीत. भरा.

पाचवी पायरी: सातवं क्रेडिट

आता माझी पहिली चूक.

पहिल्या सेमिस्टरला मी नऊ क्रेडिट घेतले. पूर्णवेळ म्हणजे बारा. नऊ म्हणजे ७५ टक्के, व्हीए ते जवळच्या दहाकडे नेतं, म्हणजे भाड्याचे ८० टक्के मिळतील असा माझा हिशेब. त्या नऊमध्ये तीन क्रेडिटचा फोटोग्राफीचा विषय होता. हौस. माझ्या पदवीच्या आराखड्यात तो नव्हता. व्हीए फक्त आराखड्यातल्या विषयांचे पैसे देतं, त्यामुळे कॉलेजने सहाच क्रेडिट कळवले. सहा म्हणजे बरोबर ५० टक्के. आणि नियम सांगतो: भाडं हवं तर ५० च्या *वर* हवं.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला खात्यात शून्य.

सात क्रेडिट घेतले असते तर ५८ टक्के, म्हणजे ६० धरून भाडं आलं असतं. एका क्रेडिटने सेमिस्टरभराचं भाडं गेलं. तेव्हापासून मी भेटेल त्याला सातव्या क्रेडिटबद्दल सांगत सुटतो.

दुसरी अशीच बारीक गोष्ट: सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर भाड्याचा दर देशाच्या सरासरीच्या निम्मा. पण एक तरी वर्ग कॅम्पसवर जाऊन करत असाल, आणि तो आराखड्यात असेल, तर कॅम्पसच्या पिनकोडचा पूर्ण दर. महाग शहरात आठवड्यातून दोनदा गाडी काढून एका वर्गाला जाण्याची किंमत महिन्याला हजारभर डॉलरही असू शकते. उन्हाळी सत्रात सेमिस्टर छोटं असतं, तेव्हा कमी क्रेडिटही पूर्णवेळ धरतात; आकडा ऑफिसात विचारून घ्या.

कच्चं गणित पक्कं करायचे जे पूर्वतयारीचे वर्ग असतात त्यांचेही पैसे मिळतात, पण प्लेसमेंटमध्ये (कोणत्या पातळीचा वर्ग घ्यायचा ते ठरवताना) गरज दिसली पाहिजे आणि वर्ग प्रत्यक्ष भरणारा हवा. ऑनलाइन पूर्वतयारीला व्हीए पैसे देत नाही. आणि पास झालेला विषय मार्क वाढवायला पुन्हा घेतला तर त्याचेही नाहीत, जोवर तुमच्या अभ्यासक्रमालाच वरची ग्रेड लागत नाही.

सहावी पायरी: एससीओ नावाचा माणूस

प्रत्येक कॉलेजात एक स्कूल सर्टिफाइंग ऑफिशियल असतो, एससीओ. तुम्ही किती क्रेडिट घेतले हे व्हीएला तो कळवतो, आणि तो कळवेपर्यंत एक डॉलरही हलत नाही. बऱ्याच ठिकाणी दर सेमिस्टरला तुम्ही स्वतः त्याला विषयांची यादी आणि एक छोटा फॉर्म द्यायचा असतो. नाव नोंदवलं म्हणजे झालं, असं धरून चालू नका. नोंदणी झाली त्याच दिवशी ऑफिसात जा. काउन्सेलर पदवीचं सांगतो, एससीओ पैशांचं सांगतो. एकाचा प्रश्न दुसऱ्याला विचारला की घोळ होतो.

व्हीएची फी उशिरा आली म्हणून कॉलेज तुम्हाला दंड करू शकत नाही किंवा वर्गातून काढू शकत नाही. सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी दिलेलं असलं की पुरे.

सातवी पायरी: दर महिन्याचं "येस"

माझी दुसरी चूक. महिन्याच्या शेवटी व्हीएचा मेसेज येतो: नोंदणी तशीच आहे का? "येस" म्हणून उत्तर द्यायचं. मेसेज ४४३५४ या नंबरवरून येतो. मला तो फसवणुकीचा वाटला, दोनदा पुसून टाकला. सलग दोन महिने उत्तर नाही दिलं की भाडं थांबतं. फोन करून सगळं सुरळीत व्हायला तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात क्रेडिट कार्डाचं व्याज चढलं. नंबर आजच फोनमध्ये नावासकट सेव्ह करा.

भाडं महिना संपल्यावर येतं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात वर्ग सुरू झाले तर सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या एका आठवड्याचेच पैसे येतील. पूर्ण महिन्याचे पहिले पैसे ऑक्टोबरमध्ये. आणि सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीचे पैसे मिळत नाहीत: डिसेंबर अर्धा, जानेवारी अर्धा. नाताळच्या सुट्टीत घरमालक सुट्टी घेत नाही. तीन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका.

पाऊण-वेळ किंवा जास्त शिकत असाल तर व्हीएचं वर्क-स्टडी मागा. किमान वेतनाने पैसे मिळतात, तेही करमुक्त, आणि नियमांची पोथी फुकटात पाठ होते.

विषय सोडताना

सुरुवातीच्या अदलाबदलीच्या मुदतीत विषय सोडला तर चालतं. त्यानंतर सोडला, तर व्हीए पैसे परत मागू शकतं, फीचे आणि भाड्याचेही. पहिल्या वेळी सहा क्रेडिटपर्यंत कारण न विचारता सवलत देतात; ती आयुष्यात एकदाच. नंतर आजारपण, नोकरीतली अपरिहार्य बदली असं कारण पुराव्यानिशी लागतं.

यातला एक नियम नव्या माणसाला उलटा वाटतो. शेवटपर्यंत बसून, परीक्षा देऊन नापास झालात, तर व्हीए पैसे परत मागत नाही. मध्येच सोडून "डब्ल्यू" घेतलात तर मागतं. नापास होण्याचा सल्ला मी देत नाही, पण नोव्हेंबरात घाबरून विषय सोडण्याआधी एससीओशी पाच मिनिटं बोला.

व्हीएचं वसुलीचं पत्र आलंच तर ते टेबलावर ठेवू नका. हप्ते बांधून देतात. दुर्लक्ष केलं तर पुढच्या भाड्यातून कापून घेतात.

विद्यापीठात जाताना

जायच्या आधीच्या सेमिस्टरमध्ये शिल्लक महिने-दिवस पुन्हा तपासा. नवं कॉलेज कळवा, नव्या एससीओला भेटा, जुन्याला सांगून निघा. विज्ञान-अभियांत्रिकीकडे जात असाल आणि महिने संपत आले असतील तर एडिथ नूर्स रॉजर्स शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा. तीत आणखी नऊ महिने किंवा ३० हजार डॉलरपर्यंत मिळू शकतात, पण ६० क्रेडिट आधी पूर्ण हवेत.

आणि शेवटचं सेमिस्टर नीट बेता. चॅप्टर ३३ मध्ये सेमिस्टर सुरू होताना तुमच्या खात्यात अगदी एक दिवस शिल्लक असला, तरी ते सेमिस्टर संपेपर्यंत व्हीए पैसे देतं. माझे अकरा दिवस उरले होते. आधीच्या उन्हाळ्यात एक विषय खिशातून १३८ डॉलर भरून केला आणि ते अकरा दिवस जपले. त्या अकरा दिवसांत चार महिन्यांची फी आणि भाडं निघालं.